तुम्ही सोडून दिलेल्या दोन बोटी

मामा, मी तुम्हाला बोलले ते जहाजाच्या डेकवर, सगळ्यांच्या देखत. तीस-चाळीस माणसं तरी उभी असतील, त्यातली चार घरं आपल्या कोल्हापूरची. म्हणून आता जे सांगायचंय ते मी तुमच्या फोटोसमोर एकटीनं पुटपुटणार नाही. आज तुम्हाला जाऊन महिना झाला. दुपारी पंगत बसायच्या आधी घर माणसांनी भरलेलं असेल, तेव्हा उभी राहून हे वाचणार आहे. तुम्हाला चाललं असतं. कुठलीही गोष्ट चारचौघांत झाली तरच ती झाली, असं तुम्हाला वाटायचं.

तुमचं गाव, शाळा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोकरी, हे सगळं पेपरातल्या चार ओळींत येऊन गेलं. ते मी पुन्हा सांगत नाही. मला तुमचा आवाज आठवतो. मी लग्न होऊन आले तेव्हा उंबऱ्यातच तुम्ही सांगितलंत, "मला मामा म्हणायचं, हिला आत्या. सासू-सासरं असलं काय आमच्यात न्हाय." बाहेरचा बँड तेवढ्यापुरता थांबला होता, इतक्या मोठ्यानं.

तुमच्या पोटात काही राहायचं नाही. राजवर्धनच्या वेळी तिसरा महिना लागेपर्यंत कुणाला सांगू नका, असं मी आत्यांच्या कानात सांगितलं होतं. तुम्ही ओसरीवर होता. संध्याकाळी डेअरीत दूध घालून आलात, तेव्हा तुमच्या मागोमाग दोन बायका ओटी घेऊन आल्या. मी आत जाऊन रडले. तुम्ही दाराशी उभे राहून म्हणालात, "म्या काय वंगाळ सांगितलं व्हय? आनंदाचंच सांगितलं की." त्या दिवसापासून मी तुमच्याबद्दल एक मत करून टाकलं होतं, आणि दहा वर्षं ते बदललं नाही.

मी कोर्टात स्टेनो आहे. माणसं जे बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घेणं ही माझी नोकरी. कोण कधी काय म्हणालं हे मी विसरत नाही. तुम्ही मात्र सकाळी म्हटलेलं दुपारी विसरायचात. त्यावरून आपलं नेहमी वाजायचं. तुमचा लेक, माझा नवरा अभिजित म्हणायचा, "मी मधे पडत नाही, तुम्ही दोघंच मिटवा." आपण मिटवायचो नाही. तसंच ठेवून चहा प्यायचो.

तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला अभिजितनं क्रूझ ठरवली. मुंबईहून लक्षद्वीपला जायचं आणि परत यायचं. तुम्ही म्हणालात, "पाणी बघाय एवढ्या लांब? आपल्या शिरोळकडं काय पाणी कमी येतंय व्हय?" पण बॅग तुमचीच सगळ्यांत आधी भरली होती. जहाजावर पांढरी टोपी, पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल. जो दिसेल त्याला "ओ पावणं!" दुसऱ्या दिवशी तुम्ही थेट आचाऱ्याला गाठून त्याच्याकडून कांदा चिरून आणलात. तो केरळचा, तुम्ही शिरोळचे. दोघं कुठल्या भाषेत बोललात देव जाणे. पण तिसऱ्या दिवशी कांदा न मागता आला.

त्याच तिसऱ्या दिवशी बेटावर उतरायचं होतं. मला मात्र समुद्र लागला होता. केबिनमध्ये बादली धरून पडले होते, आणि अभिजित माझ्यापाशी होता. पोरं हिरमुसून दारात उभी. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आमी दोघं नेतो की. तुमी निजा."

आई-बाप बरोबर नसतील तर पोरांना किनाऱ्यावर न्यायला लेखी संमती लागत होती. मी पडल्या-पडल्या लिहून दिली. राजवर्धन, वय नऊ, आणि स्वरा, वय सहा, यांना त्यांच्या आजी-आजोबांच्या ताब्यात देत आहोत. तुम्ही चष्मा लावून वाचलंत. "ताब्यात? आरोपी हाईत व्हय गं ती?" मला हसूही आलं नाही. मी तुम्हाला बजावलं: टोप्या काढू देऊ नका, पाण्यात गुडघ्यापर्यंतच, आणि परतीची तीनची बोट. शेवटची नको, तीनचीच. "तीन म्हंजे तीन," असं तुम्ही म्हणालात. हे शब्द मी नीट ऐकून ठेवले होते.

जहाज किनाऱ्याला लागत नव्हतं. लांब खोल पाण्यात उभं राहायचं, आणि छोट्या बोटी येऊन माणसांना बेटावर न्यायच्या. दुपारी मला जरा बरं वाटलं तशी मी वर डेकवर आले. तीनची बोट आली. त्यातून आत्या उतरल्या, कडेवर झोपलेली स्वरा. तुम्ही नाही. राजवर्धन नाही.

"मामा कुठं आहेत?"

"येत्यात की मागनं. पोरगं वाळूत रमलंय." आत्या माझ्याकडं न बघता आत गेल्या.

तुम्हाला फोन लावला. बेटावर रेंज नव्हती. चारची बोट आली. तिच्यात आपल्या ओळखीचे सगळे होते, फक्त तुम्ही दोघं नव्हता. अभिजित जहाजावरच्या माणसांशी बोलून आला. "बाबा बरोबर आहेत त्याच्या. येतील." मला ते पटेना. तुम्ही कुणाशीतरी गप्पा मारत बसलात आणि पोरगं पाण्यात गेलं, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि हलेना. पाऊण तास मी रेलिंगला धरून उभी होते. त्या पाऊण तासात तुमच्या सगळ्या चुका मी एकेक करून आठवल्या.

पाचची, शेवटची बोट. राजवर्धन पुढं, तुम्ही मागं. त्याची चड्डी ओली, तुमचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मी त्याचा दंड धरून बाजूला ओढला आणि तुमच्यावर तुटून पडले. "पोरं सांभाळता येत नाहीत तर न्यायची कशाला? तीन म्हणजे तीन म्हणाला होतात ना? तुमचा शब्द म्हणजे काय आहे? यापुढं माझी पोरं तुमच्याबरोबर कुठं पाठवणार नाही. कुठंच."

डेकवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. तहसीलदारापुढं टेबलावर हात आपटणारा माणूस तुम्ही. मी वाट बघत होते, आता आवाज चढेल. तुम्ही टोपी काढलीत, झटकलीत आणि म्हणालात, "चुकलं माजं."

एवढंच. दहा वर्षांत तुमच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मला वाटलं, खरंच काहीतरी चुकलंय म्हणूनच म्हणताहेत.

घरी आल्यावर तुम्ही माझा शब्द तंतोतंत पाळलात. दर रविवारी दूध आणि भाजी घेऊन तुम्ही कोल्हापूरला यायचात, आणि पोरांना रंकाळ्यावर भेळ खायला घेऊन जायचात. ते थांबलं. यायचात, हॉलमध्ये बसायचात, बातम्या बघायचात. पोरं हाताला धरून ओढायची, तर "आईला इचारा." मी "जा की" म्हणायचे. मग तुम्ही म्हणायचात, "तू पण चल." मला वाटायचं, रुसलाय, टोमणा मारताय. चार महिने मी असंच समजत होते.

मग राजवर्धनच्या शाळेची सहल आली. धरणाच्या पाण्यात बोटिंग होतं. त्यानं पालकांच्या सहीचा कागद दप्तरातून काढलाच नाही. मलाच तो वह्या चाळताना सापडला. "का रे, जायचं नाही?" तो टेबलाचा कोपरा नखानं खरवडायला लागला. मग म्हणाला, "मला बोटीची भीती वाटते. आजोबांना माहितीये."

आणि त्यानं सगळं सांगितलं. जाताना कसाबसा गेला होता. पण परत येताना धक्क्यावरून खाली बोटीत पाय टाकायची वेळ आली, तेव्हा बोट आणि धक्का यांच्यामधलं पाणी वर-खाली होताना त्यानं बघितलं आणि त्याचे पायच उचलेनात. मागं रांग लागलेली. त्याची चड्डी भिजली. जहाजावरचीच दोन पोरं हसली. तुम्ही त्याला रांगेतून बाहेर घेतलंत आणि आत्यांना म्हणालात, "तू स्वराला घिऊन फुडं हो. कुणाला काय बोलू नगंस." मग त्याला धक्क्यामागच्या शेडच्या आडोशाला नेलंत, चड्डी समुद्राच्या पाण्यात खळबळून काढलीत, पुन्हा ओलीच घातलीत आणि स्वतःही पाण्यात उतरून पायजमा भिजवून घेतलात. "आता दोघं पाण्यात खेळलो म्हणून सांगायचं."

बोटवाला थांबला होता. त्याला तुम्ही तुमच्या हिंदीत सांगितलंत, "तुम जाव. हमको घाई न्हाई."

तीनची गेली. मग एक रिकामी बोट धक्क्याला बांधलेली होती, त्यात तुम्ही त्याला बसवलंत. बसवलंत म्हणजे उचलून नाही. तुम्ही आधी आत गेलात आणि नुसते बसून राहिलात. तो धक्क्यावर. खूप वेळानं त्यानं एक पाय बोटीत टाकला. मग बाहेर. मग परत आत. चारची बोट आली नि गेली. पाचच्या बोटीत तो कुणाचा हात न धरता उतरला. जहाजाशी आल्यावर शिडीवरही स्वतः चढला.

"आणि मग तू ओरडत होतीस," राजवर्धन मला म्हणाला. "मला सांगायचं होतं, मी स्वतः चढलो. पण ते सांगितलं असतं तर आधीचं पण सांगायला लागलं असतं."

मामा, तुम्ही त्याला शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही. ज्या माणसानं माझं पोटातलं बाळ डेअरीच्या रांगेत जाहीर केलं, त्यानं माझ्या पोराची भिजलेली चड्डी चार महिने कुणाला कळू दिली नाही. सगळ्या जहाजासमोर माझं ऐकून घेतलं, पण सांगितलं नाही.

मी तुम्हाला फोन केला. माफी मागायला नाही. भांडायला.

"मामा, मला का नाही सांगितलं?"

"पोरानं नगं म्हणलं हुतं."

"मी आई आहे त्याची."

"व्हय की. न्हाय कोण म्हणतंय? पण शब्द त्याला दिलता."

"आणि मी काहीबाही बोलले ते? ते ऐकून घेतलंत?"

"तू भ्याली हुतीस. भ्यालेलं माणूस बोलतंय. त्येनं काय हुतंय?"

मी फोन अभिजितकडं दिला. पुढच्या रविवारी तुम्ही आलात, बसलात, टीव्ही लावलात. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मामा, पोरांना घेऊन जावा रंकाळ्यावर."

"तू येणार?"

"नाही."

तुम्ही टीव्ही बंद केलात. एवढ्या मोठ्यानं "चला रं!" ओरडलात की खालच्या मजल्यावरचे काका बाहेर आले. सुट्टी लागल्यावर पोरं आठ दिवस गावाकडं राहिली. मला वाटलं, झालं. यातच माझी माफी आली.

आली नव्हती. मला माहीत होतं. बोलले डेकवर आणि माफी मागितली ती स्वयंपाकघरातून, दोन भिंतींआडून, तीही त्या शब्दाचं नाव न घेता. मी रोज माणसांची साक्ष उतरवून घेते, असल्या साक्षीला काही अर्थ नसतो हे मला कळतं. पण तुम्ही पुढचे सगळे रविवार असे आलात, जशी मी काही देणं लागतच नव्हते. त्यामुळं मला सवड मिळाली. सवड आहे असं मी धरून चालले.

भांडण मात्र आपण सोडलं नाही. तुमच्या शेवटच्या रविवारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात चहा घेत उभे होता आणि मी पोळ्या लाटत होते. मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, पोरांच्या पोटातलं आईला कळलंच पाहिजे. तुम्ही म्हणालात, "धोक्याचं असतं तर सांगितलं असतं. पोरगं भ्यालं, ह्यात कसला धोका?"

"धोक्याचं कुठलं, हे तुम्ही ठरवणार?"

"मग कोण? तितं मी हुतो."

तेव्हा मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, "मामा, मी रोज टाइप करते. लहान लहान पोरी येतात साक्षीला. जवळचाच कुणीतरी सांगतो, ही आपली दोघांची गोष्ट, आईला सांगायची नाही. आणि पोर सांगत नाही. वर्षवर्ष सांगत नाही. उद्या स्वराला कुणी असं म्हटलं, आणि तिला वाटलं की आजोबापण असंच म्हणायचे, तर?"

तुम्ही कप तसाच हातात धरून उभे राहिलात. तुमच्या चेहऱ्यावर असं काही मी आधी बघितलं नव्हतं. मग हळू म्हणालात, तुमच्या मानानं हळू, "हे मातूर खरं हाय. हे म्या धरलंच नव्हतं." चहा संपवलात. चपला घालताना म्हणालात, "इचार करून सांगतो तुला. फुडच्या रविवारी."

बुधवारी सकाळी तुम्ही गोठ्यातून हाक मारलीत. आत्यांना वाटलं, नेहमीचीच. तुमच्या सगळ्याच हाका तेवढ्या मोठ्या असायच्या. त्या चुलीवरचं दूध उतरवून मग आल्या. त्यांनी हे मला सांगितलं आणि म्हणाल्या, "मी येगी गेलो असतो तर." मी त्यांना सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही उपयोग झाला नसता. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. तरी त्या रोज एकदा विचारतात आणि मी रोज एकदा सांगते.

तुम्ही काय विचार केला असता, हे मला आता कळायचं नाही. पहिला आठवडा मला याचाच राग होता. माणूस म्हणतो पुढच्या रविवारी सांगतो, आणि रविवारी त्याची राख सावडून झालेली असते. पण महिनाभरात एक मला स्पष्ट दिसलंय. मी हरले नव्हते त्या वादात. आजही मी माझ्या पोरांना तेच शिकवीन: कुणी म्हणालं आईला सांगू नको, तर पहिल्यांदा आईला सांगायचं. यात मी तसूभर मागं सरणार नाही, आणि तुम्हीही मला सरू दिलं नसतं. फक्त आता हेही मी मान्य करते की माझ्या पोराला सगळ्यांसमोर लाज वाटली, त्या क्षणी त्याच्याजवळ योग्य माणूस होता. मी असते तर त्याला उचलून तीनच्या बोटीत बसवलं असतं. तो रडत आला असता, आणि वेळेवर आला असता.

तर आता, जमलेल्या सगळ्यांच्या देखत. मामा, मी तुम्हाला म्हणाले होते की तुम्हाला पोरं सांभाळता येत नाहीत. ते खोटं होतं. तुमच्या शब्दाला किंमत नाही, असंही म्हणाले होते. तेही खोटं होतं. त्या जहाजावर कोल्हापूरची जी चार घरं होती, त्यांतली तीन आज इथं बोलावली आहेत. चौथं पुण्याला असतं, त्यांना फोनवर सांगितलंय. चूक माझी होती.

हे लिहून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं, यात राजवर्धनची गोष्ट आहे आणि ती त्याला न विचारता मला वाचता येणार नाही. काल शाळेतून आल्यावर त्याला शेजारी बसवलं आणि सगळं वाचून दाखवलं. भिजलेल्या चड्डीपाशी थांबले. "हे काढून टाकू?"

त्यानं विचार केला. दहा वर्षांचा झालाय आता, विचार करताना तुमच्यासारखाच खालचा ओठ दाताखाली धरतो. "नको. राहू दे. हसतील त्यांना हसू दे." मग म्हणाला, "माझं वाच. आजोबांचं मी सांगणार नाही."

"आजोबांचं काय?"

"त्यांनी पण त्यांचं एक सांगितलं होतं मला. ते त्या बांधलेल्या बोटीत जाऊन बसले होते, तेव्हा."

"काय?"

"नाही सांगणार."

"मलापण नाही? आजोबा आता नाहीयेत, राजा."

"मी शब्द दिलाय."

माझ्या तोंडावर सगळे प्रश्न आले, मामा. कधीचं, कसलं, आत्यांना माहितीये का. आताच तर मी लिहिलं होतं की आईला सगळं कळलं पाहिजे. मी त्याच्याकडं बघितलं. तो घाबरलेला नव्हता, काही लपवतोय असंही दिसत नव्हतं. ताठ बसला होता. मी एकच विचारलं.

"ते ऐकून तुला कसं वाटलं होतं?"

"बरं वाटलं," तो म्हणाला. "म्हणून तर मी एक पाय टाकला."